काढून टाकलेला आवाज

"रेकॉर्ड माझ्या डोळ्यांदेखत वाजवायची," भागीरथीबाई सकपाळ म्हणाल्या. "आत न्यायची नाय."

आत असं काही नव्हतंच. महाडच्या बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे. टर्नटेबल, दोन कॉम्प्युटर, दोन स्पीकर, दोन खुर्च्या. दुसरा मजला मुद्दाम घेतला. खालच्या दुकानांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेषा आहेत आणि सगळ्यात वरची रेष माझ्या डोक्यापेक्षा उंच आहे.

भागीरथीबाई पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतून एसटीने आल्या होत्या. रेकॉर्ड त्यांनी दोन स्टीलच्या ताटांमध्ये ठेवली होती आणि ताटं जुन्या लुगड्याच्या पट्टीने करकचून बांधली होती. सोडताना त्यांनी मला हात लावू दिला नाही. आत लहान आकाराची, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी रेकॉर्ड होती. लेबलवर गणपतबुवांचं नाव आणि खाली 'आणि मंडळी' एवढंच.

गणपतबुवा आमच्या भागातले जुने शाहीर. गणपतीच्या दिवसांत नि नंतरही इथल्या वाड्यावाड्यांत नाच होतो. मधे शाहीर आणि ढोलकी बसते, भोवती नाचणारे गोल धरतात. बुवांचा आवाज ऐकलेली माणसं आता थोडी उरली आहेत. रेकॉर्ड निघाली ती ही एकच, असं सगळे सांगतात.

"यात माझा बापूस हाय," भागीरथीबाई म्हणाल्या. "त्यो ऐकायचाय."

"काय गायलेत ते?"

"गायला नाय."

"मग ढोलकी?"

"ढोलकी दुसऱ्याची."

"मग काय केलंय त्यांनी?"

"ते तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर तुम्ही हो म्हणाल, आन मला बरं वाटावं म्हणून म्हणताय का खरंच, ते मला कसं कळनार? बापूस मरेपर्यंत म्हणायचा, मी रेकॉर्डात हाय. लोकं हसायची. वाडीत त्याला 'रेकॉर्डवाला' म्हणायची, चिडवायला. तर तुम्ही ऐका, आन हाय का नाय ते तुमचं तुम्ही सांगा."

मी मुंबईत एका रेडिओच्या वृत्तविभागात बरीच वर्षं ध्वनिसंपादक होते. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा तिथला पहिला नियम. हा नियम मला शिकवणारं गिऱ्हाईक प्रथमच भेटत होतं.

काम मात्र त्यांनी दिलेलं नव्हतं. ते दिलं होतं त्यांच्या गावच्या मुंबईकर मंडळाने. सचिव दिनेश मोरे. मुंबईत नोकरी, गावाकडचं सगळं फोनवरून. मंडळाचा कार्यक्रम महिन्यावर आला होता. त्यात बुवांचा मूळ आवाज लावायचा आणि त्यावर आताची पोरं नाचणार, असा बेत होता. भागीरथीबाई खुर्चीत बसलेल्या असतानाच मोरेंचा फोन आला. मी बाहेर जिन्यात जाऊन बोलले.

"बाई आल्या का? रेकॉर्ड ताब्यात घ्या आधी."

"ताब्यात घेता येणार नाही. त्या सोडत नाहीत."

"हेच. रेकॉर्ड मंडळाची आहे, मॅडम. कंपनीने तेव्हा प्रत्येक कलाकाराला एकेक दिली होती. बाकीच्यांच्या फुटल्या, हरवल्या. पण तिच्या बापाला कोण देणार? धोंडू सकपाळ एक नंबरचा थापाड्या. रेकॉर्डिंगला बुवा गेले, ढोलकीवाला, झांजवाला, आणि झील धरायला दोघे. त्यातले एक आमचे आजोबा. सकपाळ गेला असेल तर सामान उचलायला गेला असेल. मग रेकॉर्ड त्याच्या घरी कशी, ते तुम्हीच विचारा."

झील म्हणजे शाहिराच्या मागून ओळ उचलणारे. मी त्यांना म्हटलं, मालकीचा निवाडा माझ्याकडे होत नाही. रेकॉर्ड आणणाऱ्याच्या समोर वाजेल, आणणाऱ्याबरोबर परत जाईल. आवाज दोघांना मिळेल. मोरेंना ते पटलं नाही, पण दुसरी रेकॉर्ड त्यांच्याकडे नव्हती.

परत आले तेव्हा भागीरथीबाई ताटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"दिनेश व्हता ना?" त्यांनी विचारलं. "थापाड्या म्हनला असंल."

मी विषय बदलून रेकॉर्ड मागितली. तेही वृत्तविभागातच शिकले होते.

रेकॉर्ड धुतली, वाळवली, लावली आणि वाजता वाजता कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आवाज वाईट होता. धूळ आणि बुरशीमुळे चरचर, म्हणजे कढईत मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज. त्यावर एक खोल ओरखडा मधल्या लेबलापासून कडेपर्यंत गेलेला. असा ओरखडा सुई प्रत्येक फेरीला एकदा ओलांडते, म्हणून ठरावीक वेळाने 'टक्' वाजत राहतं. त्याखाली बुवांचा आवाज, ढोलकी, झांज. झील अगदी दूर. धोंडू सकपाळ कुठेच नाही. भागीरथीबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या, माझ्या तोंडाकडे बघत.

"हाय का?"

"अजून कळत नाही. साफ करावं लागेल."

"काय काय काढनार?"

"कचरा."

"कचरा कंचा ते कोन ठरवनार?"

प्रश्न बरोबर होता. त्या आठवड्यात तो माझ्यासमोर दुसऱ्या बाजूनेही आला होता.

माझ्याकडचं आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर जुनं आहे. एकदाच पैसे भरून घेतलेलं. त्यात एकेक 'टक्' पडद्यावर शोधायचा, मोठा करून बघायचा आणि पुसायचा. एका बाजूला कित्येक दिवस लागतात. पुण्याचा डीलर वर्षभर मागे लागला होता की नवीन व्हर्जनवर अपग्रेड करा. नवीन व्हर्जन विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतं.

"मॅडम, जुन्याचा सपोर्ट बंद होतोय," तो म्हणाला.

"कधी?"

"लवकरच."

"कंपनीच्या साइटवर तसं लिहिलेलं नाही."

"लिहीत नाहीत हो असं. मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. नवीन व्हर्जनला काही शिकवावं लागत नाही. लाखो तासांचा आवाज ऐकून तयार झालंय. एक बटण दाबायचं, रेकॉर्ड काल केल्यासारखी."

"आणि जुन्या फाइली?"

"नवीनमध्ये उघडतात की."

"परत जुन्यात?"

"परत कशाला जायचंय तुम्हाला?"

म्हणजे एकदा गेलं की परतीची वाट बंद. ज्या माणसाला माझं भलं इतकं कळतं त्याच्याबद्दल मला नेहमीच शंका येते. पण मोरेंचा कार्यक्रम जवळ होता आणि हाताने काम पुरं होणार नव्हतं. मी ट्रायल उतरवून घेतली. ट्रायल फुकट असते, पण तिच्यात केलेलं काम सेव्ह करता येत नाही, आणि ऐकताना मधूनमधून 'टूं' असा आवाज घुसवलेला असतो, कोणी चोरून रेकॉर्ड करू नये म्हणून.

भागीरथीबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी ते बटण त्यांच्यासमोरच दाबलं.

निकाल थक्क करणारा होता. चरचर गेली. ओरखडा गेला. बुवा खोलीत येऊन बसल्यासारखे गाऊ लागले. ओळीच्या शेवटी श्वास घेतलेला कळत होता. मी लगेच मोरेंना फोनवर तुकडा ऐकवला.

"हेच पाहिजे," ते म्हणाले. "फायनल करून टाका."

भागीरथीबाईंनी मात्र स्पीकरकडे कान नेला. मग म्हणाल्या, "आता तर बिलकूल नाय."

"काय नाही?"

"काय नाय. तुमचं चालू द्या."

त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, बापाची थाप उघडी पडली म्हणून. पण त्यांच्या एका शब्दाने मला अडकवलं. 'आता तर.' म्हणजे आधी काहीतरी होतं.

मलाही मघापासून एक गोष्ट खटकत होती. गाणं उभं राहत नव्हतं. ढोलकी होती, झांज होती, पण दोन्ही हवेत वाजत होत्या. नाचाचं गाणं इतकं अधांतरी कसं?

वृत्तविभागात आमच्या एका वरिष्ठांची सवय होती. मुलाखत कापून नेली की ते विचारायचे, कापलेलं कुठे आहे? आधी ते लाव. एकदा एका पुढाऱ्याचा खोकला कापला गेला होता आणि खोकल्याला चिकटून 'नाही' हा शब्दही गेला होता. बातमी उलटी होऊन जाणार होती. तेव्हापासून कचऱ्याची टोपली ऐकल्याशिवाय ते काही पुढे जाऊ देत नसत.

अशा सॉफ्टवेअरमध्ये त्या टोपलीचं एक बटण असतं. ते दाबलं की साफ झालेला आवाज बंद होतो आणि फक्त काढून टाकलेलं ऐकू येतं. नव्या व्हर्जनमध्ये ते तीन मेनूंच्या आत लपवलेलं होतं. ते सापडेपर्यंत भागीरथीबाईंनी ताटं बांधायला घेतली होती. मी हेडफोन लावला, त्यांना थांबायला सांगितलं आणि एकटीने ऐकलं.

चरचर होती, ती असणारच. ओरखड्याचा 'टक्' होता. पण आणखी एक आवाज होता, तोही ठेक्यात येणारा. दोन्ही बारीक, तीक्ष्ण, क्षणभराचे. मशीनच्या दृष्टीने दोन्ही एकच जात, म्हणून दोन्ही टोपलीत.

त्यांच्यातला फरक ओळखायची एक साधी रीत आहे. ओरखडा रेकॉर्डच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. गाणं हळू होवो की जलद, तो त्याच्याच वेळेला येणार. मी पडद्यावर खुणा केल्या. पहिला आवाज घड्याळासारखा आला. दुसरा तसा नव्हता. बुवांनी कडव्यात चाल वाढवली तिथे तोही वाढला. बुवा एका जागी थांबले तिथे तोही थांबला. ओरखडा कोणासाठी थांबत नाही.

मग मी तो मोठा करून ऐकला. आधी धप्, त्याच्या पोटात छम्. पाय आणि घुंगरू.

आमच्याकडच्या नाचात घुंगरांचा पट्टा, त्याला चाळ म्हणतात, एकाच पायात बांधतात. म्हणून सतत छमछम येत नाही. एक पाऊल मुकं, एक बोलकं. तुटक, एकेकटा आवाज येतो. घुंगरांची माळ ओळखायला शिकलेल्या मशीनला तो घुंगरू वाटणं कठीणच होतं.

आता सांगायचं कसं? त्यांनी मला परीक्षेत बसवलं होतं, पण खात्री मलाही हवी होती. पाय होता, पण कोणाचा? मी हेडफोन गळ्यात घेतला.

"मावशी, तुमचे वडील नाचायचे का?"

भागीरथीबाई ताटांची गाठ तशीच हातात धरून बसल्या.

"म्हंजी सापडला," त्या म्हणाल्या.

"कोणीतरी सापडलाय. तुमचेच का, ते मला ठरवता येत नाही. त्यांच्या नाचण्यात काही वेगळं होतं का? बाकीचे करत नसत असं?"

"का?"

"मी सांगितलं तर तुम्ही हो म्हणाल."

त्या पहिल्यांदा हसल्या. "माझंच मला लावताय व्हय." मग जरा विचार करून म्हणाल्या, "कडवं संपलं का सगळी थांबायची. बापूस एक पाय जास्त मारायचा. सवयच व्हती. बुवा वरडायचा, धोंड्या, गानं माझं, शेवट तुझा कशाला रे? तरी मारायचाच."

मी हेडफोनची वायर काढली आणि स्पीकर लावले. काढून टाकलेलं, फक्त तेवढं. बुवा नाहीत, ढोलकी नाही. चरचर, ओरखड्याचा 'टक्' आणि त्यांच्यामधून धप्-छम्, धप्-छम्, पहिलं कडवं सरेपर्यंत. मग पाय थांबले, नुसती चरचर. आणि त्या चरचरीत, एकटा, एक जास्तीचा पाय.

भागीरथीबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसरं कडवं संपलं, पुन्हा तोच. तिसऱ्याला मधेच 'टूं' वाजलं.

"ह्ये काय?"

"ते कंपनीचं. पैसे भरले नाहीत म्हणून."

"मेल्यांनी बापसाच्या पायावर पाय दिला," त्या म्हणाल्या, आणि पुढचं ऐकू लागल्या.

ऐकून झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. मंडळी मुंबईला रेकॉर्डिंगला गेली, तेव्हा कंपनीच्या माणसाने नाचणारे नकोत म्हणून सांगितलं होतं. बुवांनी गाऊन बघितलं, जमेना. जन्मभर पायांवर गायलेला माणूस, पाय नसले की चाल सुटायची. शेवटी सामान घेऊन गेलेल्या धोंडूला चाळ बांधून कोपऱ्यात उभा केला. लेबल आलं तेव्हा त्यावर त्याचं नाव नव्हतं, पण ढोलकीवाल्याचंही नव्हतं. बुवांनी स्वतःच्या वाट्याची रेकॉर्ड त्याला दिली. हे धोंडू सांगायचा, आणि लोक म्हणायचे, पाय कधी रेकॉर्डात येतो काय?

न्यायालयात हा पुरावा टिकला नसता. जास्तीचा पाय मारणारा त्या काळात दुसराही कोणी असू शकतो. पण मंडळाच्या सचिवांसाठी तो पुरेसा होता का, ते बघायचं होतं. मी मोरेंना फोन लावला आणि दोन्ही ऐकवलं, बुवांसकट आणि बुवांशिवाय.

मोरेंनी बुवांशिवायचं पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"सामान घेऊन गेला होता हे मीच बोललो ना तुम्हाला," मोरे म्हणाले.

"तुम्हीच."

"आजोबा आमचे कधी बोलले नाहीत."

"कोणी विचारलं होतं का?"

"बरं, ते असू द्या. आपल्याला साफ आवाजच द्या. छमछम नको. वरून आपली पोरं नाचणारच आहेत."

"ते मिळणार नाही," मी म्हटलं. "चरचर काढेन, ओरखडा काढेन. जे रेकॉर्डिंगला हजर होते त्यांना काढणार नाही. नुसता गळा हवा असेल तर दुसरीकडून करून घ्या."

"रेकॉर्ड तर तिच्याकडे."

"मग तिलाच विचारा."

मी फोन भागीरथीबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो आरशासारखा समोर धरला.

"दिनेश, मी भागी बोलतंय. पायासकट घेतोस का जाऊ घरला?"

मोरेंनी पायासकट घेतलं.

ते काम मी रात्री जागून जुन्या व्हर्जनमध्येच केलं. ओरखड्याचे 'टक्' एकेक शोधून हाताने पुसले, पाय ठेवले. पाय कुठे आहेत ते आता माहीत असल्यामुळे चरचरही बेताने काढता आली. बुवा मशीनने केले होते तितके लखलखीत झाले नाहीत. पण गाणं जमिनीवर उभं राहिलं. कार्यक्रमानंतर मोरेंनी कळवलं की पोरं बरी नाचली, आणि शेवटच्या जास्तीच्या पायाला सगळी चुकली.

अपग्रेडचा प्रश्न एव्हाना निकालात निघायला हवा होता. नवीन व्हर्जनने माणूस कचऱ्यात टाकला, म्हणून ते घ्यायचं नाही. मी तसं ठरवलंही होतं. पण भागीरथीबाईंना पायासकट गाण्याची फाइल फोनवर घालून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्ये मंडळाचं झालं. माझं द्या."

"तुमचं कोणतं?"

"त्या दिशी लावलंत ते. नुसता बापूस."

नुसता बापूस जुन्या व्हर्जनमध्ये निघत नव्हता. मी दोन दिवस खटपट केली. पायाबरोबर ढोलकीची कड येई, झांजेचा काठ येई. त्याला इतका स्वच्छ वेगळा काढणं फक्त त्या नव्या मशीनला जमलं होतं, कारण त्याने त्याला कचरा मानून शेवटच्या घुंगरापर्यंत झाडून काढलं होतं. आणि ट्रायलमधून ते सेव्ह होत नव्हतं. हेडफोनच्या वायरमधून उतरवून घ्यावं, तर प्रत्येक कडव्यात कंपनीचं 'टूं'.

मी वर्षाचं भाडं भरलं.

चरचर आणि ओरखडा हाताने पुसून भागीरथीबाईंना ती फाइल दिली. सेव्ह करताना कॉम्प्युटर कलाकाराचं नाव विचारतो. त्या जागी मी 'धोंडू सकपाळ, पाय' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी अक्षरं पुन्हा एकदा वाचायला लावली. मग ताटं बांधली आणि पोलादपूरच्या गाडीसाठी स्टँडवर जायला निघाल्या. बापाचा पाय कानाला लावून जिना उतरताना मला दिसल्या. त्या सावकाश उतरत होत्या, फोनमधल्या ठेक्यावर.

पुढच्या आठवड्यात डीलरचा फोन आला. खूश होता.

"घेतलंत शेवटी. मी म्हटलं नव्हतं? कोणतं फीचर आवडलं? कंपनीला फीडबॅक पाठवायचाय."

"काढून टाकलेलं ऐकायचं बटण."

"ते?" तो हसला. "ते कोणी वापरत नाही, मॅडम. पुढच्या अपडेटमध्ये काढणार आहेत म्हणे."

"काढलंय हे कळणार कसं मग?"

"कोणाला?"

अपडेट आत येऊ नये म्हणून त्याच दिवशी मी त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून टाकलं. जुनं व्हर्जन शेजारच्या कॉम्प्युटरवर आहे, तेही ठेवलंय. सॉफ्टवेअर काय साफ करतं हे जाहिरातीत असतंच. घेण्याआधी एवढंच बघावं की ते काय टाकतं, आणि टाकलेलं परत ऐकू देतं का.